जहागीर म्हणजे लहान संस्थान नव्हे

सप्टेंबर लागला की आमच्या पूर्णा-ताडकळस पट्ट्यात एक वाक्य दरवर्षी नव्याने कानावर पडतं. १७ तारखेचं झेंडावंदन उरकतं, मुक्तिसंग्रामावर बोलायला कुणीतरी उभं राहतं, निजामाचा विषय निघतो आणि वक्ता ओघात सांगून टाकतो की जहागीर म्हणजे लहान संस्थान आणि संस्थान म्हणजे मोठी जहागीर; नावं दोन, माल एकच. ऐकणारे माना डोलावतात. भाषणापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण हेच वाक्य पुढे गावाच्या इतिहासाच्या पुस्तिकेत छापून येतं, पोरांच्या निबंधात उतरतं आणि एक दिवस तहसीलच्या पायरीवर जमिनीच्या वादात पुरावा होऊन उभं राहतं. ‘आमच्या पणज्याला निजामानं गाव दिलं होतं, म्हणजे इथले राजे आम्हीच’ असं छाती काढून सांगणारे आणि ‘जहागीरदार म्हणजे राजेच की, जमीन त्यांचीच होती’ असं कबूल करून गप्प बसणारे, दोघेही त्या एकाच वाक्यावर वाढलेले आहेत. म्हणून हा प्रतिवाद.

आधी आकाराचं बघू, कारण सगळी इमारत त्यावरच उभी आहे. काठियावाडात वेजानोनेस नावाचं संस्थान होतं. क्षेत्रफळ एक चौरस मैलसुद्धा नाही, वस्ती दोनशेच्या आसपास. ताडकळसच्या शिवारात असली चार-पाच संस्थानं मावली असती. कारभाराचे अधिकार म्हणावेत असे त्याच्याकडे फारसे नव्हतेच, पण संस्थानांच्या यादीत त्याचं नाव होतं. दुसऱ्या बाजूला हैदराबादच्या पायगा घराण्यांच्या जहागिरी घ्या. आस्मान जाह, खुर्शीद जाह आणि विकार-उल-उमरा या तीन शाखांचा मुलूख मिळून चार हजार चौरस मैलांच्या घरात जातो. भालकीसारखा मोठा भाग त्यात होता. कोल्हापूर संस्थान सव्वातीन हजार चौरस मैलांचं. पायगांच्या मुलखात कोल्हापूर बसून वर जागा उरली असती, तरी पायगा या जहागिरीच, आणि ज्याच्या हद्दीत बैलगाडी वळवायची तरी शेजाऱ्याला विचारावं लागेल ते वेजानोनेस मात्र संस्थान. लहान-मोठं हा निकष इथेच निकालात निघाला.

मग फरक कशात? त्याचा सगळ्यांत स्वच्छ दाखला मराठवाड्यात नाही, साताऱ्यात आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवून छोटंसं राज्य त्यांच्याकडे ठेवलं. त्या राज्याच्या पोटात जुने जहागीरदार होते : औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले. इंग्रजांनी १८२० च्या सुमारास त्यांच्याशी वेगवेगळे करार करून जहागिरींची हमी दिली, पण ठेवलं साताऱ्याच्या छत्राखालीच. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. डलहौसीच्या सरकारनं दत्तक मानला नाही आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं.

आता मौज पाहा. राज्य गेलं आणि त्याच्या जहागिरी राहिल्या. वरचा धनीच नाहीसा झाला, त्यामुळे ही मंडळी थेट इंग्रजी सार्वभौमत्वाखाली आली आणि होता होता संस्थानिक ठरली. सरकारी दप्तरात त्यांचं नाव पुढे कितीतरी वर्षं ‘सातारा जहागिरी’ असंच चालत राहिलं, इतका तो बदल कागदाच्याही मागून आला. औंधची एक बिघा जमीन वाढली नाही, फौजफाटा वाढला नाही, उत्पन्नही तेच. मधली एक पायरी तेवढी निघाली. याच्या नेमकं उलट कोल्हापुरात घडलं. इचलकरंजीचे घोरपडे आपल्याला स्वतंत्र दर्जा असल्याचा दावा वर्षानुवर्षं मांडत राहिले. तो दावा काही पोकळ नव्हता. पेशव्यांशी सोयरीक, जुना दबदबा, सारं त्यांच्याकडे होतं. पण साताऱ्यासारखं कोल्हापूर बुडालं नाही, आणि इचलकरंजी कोल्हापूरची मांडलिक जहागीरच राहिली. इचलकरंजीची माणसं आजही प्रेमानं ‘आमचं संस्थान’ म्हणतात. प्रेमाला हरकत नाही, दप्तरात ते बसत नाही एवढंच.

या पायरीचा अर्थ किती खोल जातो ते औंधनं १९३९ साली दाखवलं. भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं, मॉरिस फ्रिडमन आणि चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्या मदतीनं, आपली सत्ता प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना दिली. गावोगावच्या पंचायतींवर उभं असलेलं ते स्वराज्य होतं. हेच एखाद्या सज्जन जहागीरदाराच्या मनात आलं असतं तर? त्यानं सारा माफ केला असता, विहिरी खोदल्या असत्या, शाळा काढली असती. घटना देता आली नसती. जे आपलं नव्हतंच ते रयतेला देणार कुठून?

आता निजामाच्या मुलखात येऊ. हैदराबाद संस्थानाच्या पोटात मुलखाचे ढोबळमानानं तीन भाग होते. सुमारे साठ टक्के दिवाणी, म्हणजे सरकारी खजिन्यात महसूल भरणारा भाग. दहा टक्क्यांच्या आसपास सर्फ-ए-खास, निजामाचा खासगी मुलूख. हैदराबाद शहराभोवतीचा अत्राफ-ए-बलदा जिल्हा त्यातलाच. उरलेला तीस टक्के जहागिरींचा. त्यातही भेद होतेच : पायगा, सालारजंगांची मोठी दौलत (अजिंठा गाव त्यांच्याच जहागिरीत), आणि लहानसहान जहागिरी. वाचकाचा गोंधळ वाढावा म्हणून की काय, गदवाल, वनपर्ती अशा तेलंगणातल्या जुन्या हिंदू घराण्यांच्या मुलखांना हैदराबादच्या दप्तरात ‘संस्थान’च म्हणत. संस्थानाच्या पोटात संस्थान! आमचे वक्ते कधी या नावावर बोट ठेवतात आणि म्हणतात, बघा, निजामाच्या दप्तरातच दोन्ही एक होते. एक नव्हते. गदवालची राणी निजामाला पेशकश भरायची आणि वारसाला मंजुरी निजामाकडूनच मिळायची. नाव कुळाच्या जुन्या मानाचं होतं, नातं मांडलिकाचं. नावावरून दर्जा ठरत असता तर शेगावचं आणि शिर्डीचं संस्थानही १९४८ मध्ये विलीन करावं लागलं असतं.

जहागीरदाराच्या हाती नेमकं काय असायचं? मूळ देणगी महसुलाची. गावाचा जो सारा सरकारात जायचा तो जहागीरदाराकडे वळवलेला. मोठ्यांना पोलीस, तुरुंग, अबकारी आणि खालच्या पायरीची कोर्टंही होती, आणि इथेच लोकांची फसगत होते. ज्याचा स्वतःचा शिपाई आणि स्वतःची कोठडी, तो राजाच वाटणार. पण त्या कोठडीतल्या कैद्याचा शेवटचा निकाल हैदराबादच्या हायकोर्टात लागायचा. नाणं निजामाचं, टपाल निजामाचं, रेल्वे निजामाची, आणि परक्या सत्तेशी करार करण्याचा प्रश्नच नाही. सगळ्यांत मोठी परीक्षा मरणाची. जहागीरदार मेला की जहागीर आपोआप पोराकडे जायची नाही. सरकार ती ताब्यात घेई, देणग्या-इनामांच्या आतियात खात्यात वारसाची चौकशी चाले, नजराणा ठरे आणि मंजुरी आली तर नवा मुंतखब, म्हणजे मंजुरीचा कागद, निघे. चौकशी वर्षानुवर्षं लोंबायची. तोवर राजपुत्र काय करत असेल म्हणता? पेशकाराच्या दारात बसून असे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो या सगळ्यांत वजनदार आहे. लोक म्हणतात, ‘हे सगळं वरच्यांचं गणित झालं. गावातल्या कुणब्याला काय फरक पडला? सारा वसूल करायला निजामाचा माणूस आला काय नि जहागीरदाराचा आला काय, पाठीवर कोरडा तोच.’ गरिबाच्या बाजूनं बोलणारा म्हणून हा आक्षेप लगेच पटतो. पण तो खरा नाही, आणि गरिबाच्याच बाजूनं खरा नाही. दिवाणी भागात पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, पगारी तालुकदार नेमले, पुढे मोजणी आणि बंदोबस्त आला. कुणब्याचं नाव पट्टेदार म्हणून कागदावर चढलं, साऱ्याचा आकडा ठरला. अनेक जहागिरींत हे फार उशिरा झालं, काही ठिकाणी झालंच नाही. तिथे सारा किती हे कारभारी सांगेल तितका, आणि वर वेठ. शेजारच्या दोन गावांतून एक दिवाणीत आणि एक जहागिरीत असलं की हा फरक लेकी देताना, कूळ बदलताना, गाव सोडताना रोज दिसायचा. जुन्या माणसांना ‘जहागिरीचं गाव’ हे विशेषण मुद्दाम लावावं लागे ते त्यामुळेच. फरक नसता तर शब्द टिकला नसता.

आणि १९४७-४८ सालात तर या फरकावर माणसांचे जीव लटकलेले होते. रझाकारांच्या धाकानं आणि निजामाच्या पोलिसांच्या ससेमिऱ्यानं परभणी-नांदेड भागातले कार्यकर्ते पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेले. तिथे सरहद्द कॅम्प उभा राहिला. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली आणि तो पैसा लढ्याच्या कामासाठी पैनगंगेपलीकडेच नेला. आता विचारा : ही माणसं जवळच्याच एखाद्या जहागिरीत का नाही गेली? जहागीर म्हणजे लहान संस्थान असेल तर तिची हद्द ओलांडताच निजामाचा शिपाई थांबायला हवा होता. तो थांबत नव्हता. जहागिरीची वेस त्याच्या लेखी वेसच नव्हती. पैनगंगा होती, कारण पलीकडे भारतीय संघराज्य होतं. ताडकळसच्या शाळेत नदीचं नाव पाठ करून घेतात. ती त्या दोन वर्षांत काय होती तेही सांगायला हवं.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. वरचं सगळं ऐकून यांना बळ येतं आणि ती म्हणतात, ‘अगदी बरोबर, निजाम हा खरा राजा, हैदराबाद हा स्वतंत्र देश, १९४८ ची कारवाई म्हणजे एका देशानं दुसऱ्यावर केलेली स्वारी.’ थांबा. जहागीर आणि संस्थान यांत भेद आहे म्हणून संस्थान आणि स्वतंत्र देश यांतला भेद मिटत नाही. संस्थान हा मधला शब्द आहे आणि त्याची सगळी गंमत मधलेपणातच आहे.

निजामाचं घराणंच बघा. पहिला आसफजाह हा दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार. १७२४ साली त्यानं वऱ्हाडातल्या साखरखेर्ड्याला मुबारिझखानाचा पराभव करून दख्खन हातात घेतली, पण बादशाही नाकारली नाही. हैदराबादच्या टाकसाळीत १८५७ पर्यंत मोगल बादशहाच्याच नावाचं नाणं पडत होतं. लखनौच्या नवाबानं १८१९ मध्ये इंग्रजांच्या फुशीनं स्वतःला बादशहा जाहीर केलं. हैदराबादनं तो मोह टाळला. आमच्याकडे निजामाच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत, ते उगीच नाही. मराठ्यांच्या हिशेबांतही ‘स्वराज्य’ आणि ‘मोगलाई’ ही दोन वेगळी सदरं असत. १७१९ च्या सनदांनी शाहूंना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली, त्यात औरंगाबाद सुभाही होता. चौथाई घेतली म्हणून मराठ्यांनी तो मुलूख ‘स्वराज्य’ सदरात नाही घातला. ‘आपण चौथाई घ्यायचो, म्हणजे गोदावरीकाठ आपलाच’ असं आज सांगणाऱ्यांपेक्षा पेशव्यांचे फडणीस जास्त प्रामाणिक होते.

मग निजाम म्हणजे बादशहाचा मोठा जहागीरदारच, असं म्हणून आमचे पहिले वक्ते पुन्हा उठतील. नाही. बादशाही खचली तेव्हा निजामाचा मुलूख दिल्लीत परत गेला नाही, वारसाला दिल्लीची चौकशी लागली नाही. इंग्रजांनी करार केले ते थेट निजामाशी, आणि १८०० च्या तैनाती तहानं त्याच्या परराष्ट्र व्यवहाराची नाडी आपल्या हाती घेतली. आत राज्य त्याचं, बाहेर तोंड इंग्रजांचं. आतलं राज्य किती खरं होतं? त्याचं स्वतःचं नाणं होतं. ताडकळसच्या बाजारात बैल विकून वऱ्हाडात कापूस-कापड करायला जाणाऱ्याला हाली रुपये मोडून कलदार घ्यावे लागत, आणि शंभर कलदारांना ११६ हालींहून थोडे जास्त मोजावे लागत. हैदराबादच्या हायकोर्टावरचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात नसे, त्यासाठी हैदराबादचीच वेगळी न्यायसमिती होती. आणि बाहेरचं तोंड किती बंद होतं? हिंगोलीला जा. आपल्याच जुन्या परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात ‘हैदराबाद कॉन्टिन्जन्ट’ची छावणी होती, फौज नावाला निजामाची, अंमलदार इंग्रज, खर्च निजामाच्या डोक्यावर. तो खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांनी आपल्या कारभाराखाली घेतला.

वऱ्हाडाचं प्रकरण मला या सगळ्या वादाचा कळीचा भाग वाटतं, आणि त्याकडे कुणी फारसं बघत नाही. १९०२ साली कर्झननं वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेतला. मालकी निजामाची मानली, कारभार सगळा इंग्रजांचा. निजामाच्या वारसाला पुढे ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, अमरावतीचा तहसीलदार मात्र त्याच्या हुकमानं कधी हलला नाही. म्हणजे जहागीरदाराकडे कारभार होता आणि सार्वभौमत्व नव्हतं. वऱ्हाडात निजामाकडे सार्वभौमत्वाचं नाव होतं आणि कारभार नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे एकत्र असतात असं धरून चालणाऱ्याला ना जहागीर कळते, ना संस्थान.

सातव्या निजामानं वऱ्हाड परत मागताना बरोबरीची भाषा वापरली तेव्हा व्हाइसरॉय रीडिंगनं २७ मार्च १९२६ च्या पत्रात त्याला सुनावलं : हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ आहे, तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाटाघाट करण्याचा अधिकार कुठल्याही संस्थानिकाला नाही. रीडिंग काही आपला कैवारी नव्हता. पण जून १९४७ मध्ये निजामानं इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र सार्वभौम होऊ असं फर्मान काढलं, तेव्हा तो ज्या स्थितीत परत जायचं म्हणत होता ती स्थिती दीडशे वर्षांत कधी नव्हतीच, हे त्या पत्रातून दिसतं. इंग्रजांची अधिसत्ता कायद्यानं संपली हे खरं. त्यामुळे पोकळी झाली, देश झाला नाही. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा समितीकडे धाडलेली तक्रार, १३ ते १७ सप्टेंबरची कारवाई, आणि मग निजामानंच तक्रार मागे घेतल्याचं कळवणं, हा सगळा त्या पोकळीतला झगडा आहे. त्यानंतरही हैदराबाद लगेच पुसलं गेलं नाही. २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामाच्या फर्मानानं भारताची राज्यघटना तिथे लागू करण्याचं मान्य झालं, २६ जानेवारी १९५० पासून ते ‘ब’ वर्ग राज्य झालं आणि हाच निजाम त्याचा राजप्रमुख. मोडलं ते १ नोव्हेंबर १९५६ ला. कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर ‘विमोचन’ आणि ‘विसर्जन’ हे दोन शब्द वेगळे ठेवतात ते याचसाठी.

‘एवढा कीस काढून काय उपयोग, हे शब्दांचे खेळ’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हेगचं उदाहरण ठेवतो, कारण तिथे आपल्या मराठी कागदांवरून आंतरराष्ट्रीय न्यायालयात चार वर्षं खल झाला. दादरा आणि नगर हवेलीतली गावं १७७९ च्या तहानं आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी पेशव्यांकडून पोर्तुगीजांना मिळाली. बारा हजार रुपये उत्पन्नाची. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ती मुक्त केली, त्यात सुधीर फडकेही होते. दमणहून तिथे जायला भारतानं वाट अडवली म्हणून पोर्तुगालनं १९५५ मध्ये दावा लावला. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड मांडत होते. मुद्दा हाच होता : पेशव्यांनी दिलं ते राज्य की सरंजाम? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयानं भारताचं म्हणणं इथवर मान्य केलं की मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम होता, सार्वभौमत्व नव्हे. जिथे मराठ्यांना मुलूख कायमचा सोडायचा होता तिथे ते तसे शब्द घालत, ते इथे नाहीत. पण पुढे न्यायालय म्हणालं, मराठ्यांनंतर इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगीजांचा पूर्ण अंमल डोळ्यांसमोर पाहून चालू दिला, आणि त्यातून सार्वभौमत्व मानलं गेलं. म्हणून पोर्तुगालला नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क होता. फौज, हत्यारबंद पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता. आणि भारतानं आपल्या कर्तव्याचा भंग केला नव्हता.

साताऱ्याची गोष्ट आठवा. वरचा धनी बदलला की खालच्याचा दर्जा बदलू शकतो. औंध त्याच रस्त्यानं जहागिरीचं संस्थान झालं, नगर हवेली त्याच रस्त्यानं सरंजामाची पोर्तुगीज मुलूख झाली. हा बदल नोंदवता येतो तो दोन शब्द वेगळे असतील तरच. पोर्तुगालला हे पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच सालाझारच्या सरकारनं १९५१ मध्ये घटनेत फेर करून ‘वसाहती’ काढल्या आणि ‘सागरापलीकडचे प्रांत’ घातले. गोवा वसाहत नाहीच, पोर्तुगालचा प्रांत आहे, असं म्हणायला मोकळीक. शब्दांना किंमत नसती तर हुकूमशहानं ही यातायात केली नसती.

शेवट कागदांचा. पाचशेहून जास्त संस्थानांचं विलीनीकरण करताना भारत सरकारनं संस्थानिकांच्या सह्या घेतल्या. दक्षिणी संस्थानं करार करून ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात आली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. दादरा-नगर हवेली सात वर्षं स्वयंशासित राहिली, म्हणून १९६१ मध्ये विलीनीकरणासाठी बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान करून नेहरूंसोबत करारावर सही घ्यावी लागली. हैदराबादच्या जहागिरी संपल्या त्या १५ ऑगस्ट १९४९ च्या विनियमानं. चार हजार चौरस मैलांच्या पायगाही त्यातच आटोपल्या. जहागीरदारांना पुढे मोबदला मिळाला, पण सही कुणाचीच लागली नाही, कारण करार करण्याजोगा पक्ष तिथे नव्हताच. कुणाकडे मराठवाड्यातल्या एखाद्या जहागीरदाराचा भारत सरकारशी झालेला विलीनीकरणाचा करार असेल तर त्यानं तो जरूर छापावा.

तो कुणी छापणार नाही, पण मुंतखबाच्या झेरॉक्स मात्र आजही परभणीच्या वकिलांकडे फिरतात. महसुलाची देणगी म्हणजे जमिनीची मालकी, आणि मालकी म्हणजे राज्य, अशी शिडी चढून वारस हक्क सांगायला येतात. कसणारा घाबरतो, कारण त्यानंही शाळेत तेच वाक्य ऐकलेलं असतं. त्याला कुणीतरी सांगायला हवं की १९५० च्या हैदराबाद कूळकायद्यानं त्याच्या आज्याला संरक्षित कूळ म्हणून जे मिळालं ते कुणा राजाच्या मेहेरबानीवर अवलंबून नव्हतं. इनामांचा निकाल लावणारा कायदा १९५४ चा आणि त्यातही मदतमाश वेगळं, देवळा-दर्ग्याच्या सेवेचं खिदमतमाश वेगळं. मुंतखब हाती आला की तीन गोष्टी बघायच्या : महसूल दिला की जमीन, कशाच्या बदल्यात दिली, आणि वारसाची मंजुरी कोणत्या साली, कुणाच्या सहीनं झाली. तिसऱ्या रकान्यात सही निजाम सरकारच्या आतियात खात्याची असते.